वाढलेल्या चार होड्या

कार्यालयात तिला सगळे ‘दशांश’ म्हणत. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांची सही झालेला कागद त्यांच्या टेबलावर परत नेऊन ठेवला होता. कागदात ‘सुमारे निम्मे’ लिहिलं होतं आणि खरा आकडा सत्तेचाळीस पूर्णांक तीन दशांश टक्के होता. साहेबांनी कागद दुरुस्त केला आणि तिला नाव चिकटवलं. मग शिपायापासून निरीक्षकांपर्यंत सगळेच ‘दशांश मॅडम’ म्हणू लागले. तिनेही ते मनाला लावून घेतलं नाही. दशांश ही काही शिवी नव्हे, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

नदीवरच्या प्रवासी वाहतुकीची सुरक्षा पाहणं हे या कार्यालयाचं काम. नदीवर बारा धक्के होते आणि नवे नियम येऊ घातले होते. धक्क्यांचे दोन गट करायचे होते. पहिल्या गटात बचावाची लाँच धक्क्यावर कायम उभी राहणार आणि होडीत चौदाच्या वर माणसं बसणार नाहीत. दुसऱ्या गटात धोका कमी, म्हणून होडीला वीस माणसांची मुभा. तिथली लाँच काढून जास्त गरजेच्या धक्क्यावर हलवायची. कोणता धक्का कोणत्या गटात जाणार, हे लोकांना विचारून ठरवायचं होतं.

लोक मात्र एका माळेचे मणी नव्हते. प्रत्येक धक्क्यावर वेगळी वस्ती, वेगळी बोली, बोलण्याच्या वेगळ्या रीती. म्हणून दशांशने चार महिने खपून विचारण्याच्या पद्धती वेगवेगळ्या केल्या होत्या. प्रश्नपत्रिका चार भाषांत करून घेतली. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची पत्रिका काढली. विणकर वस्तीतल्या बायका पुरुषांसमोर तोंड उघडत नसत. त्यांची बैठक वेगळी, आणि प्रश्न विचारायला बाईच. वीटभट्टीवाल्यांना पाळी सुटल्यावरची वेळ दिली. साहेब वरच्या कार्यालयात तिचं काम दाखवून कौतुक मिळवून आले होते, आणि त्यातलं थोडं तिलाही आणून दिलं होतं.

सात नंबरच्या धक्क्यासाठी मात्र काहीच वेगळं करावं लागलं नव्हतं.

“त्यांचं काय, ती तर आपलीच माणसं,” साहेब म्हणाले होते. “आपलीच भाषा. साधी पत्रिका पाठवा.”

साधी पत्रिका घेऊन एक निवृत्त मास्तर सात नंबरवर गेले. मास्तरांचा बाणा असा, की माणूस जे बोलेल ते अक्षरशः लिहायचं. आपल्या पदरचा काना नाही की मात्रा नाही. अडतीस जणांची उत्तरं त्यांनी सुवाच्य अक्षरात आणून दिली. त्या उत्तरांना आकड्यांत बसवण्याचं काम दशांशचं. तिने ते दोन तासांत उरकलं, कारण सात नंबरची माणसं विलक्षण एकमताची होती.

वर्षभरात होड्यांच्या बाबतीत काय बदल झाला? अडतीसपैकी छत्तीस जण म्हणाले होते, ‘चार वाढल्या.’ दशांशने लिहिलं: वाढ, ४. अपघात झाले का? ‘तसलं काही विचारू नये.’ तिने लिहिलं: नाही. धक्क्यावरच्या माणसांत काही बदल? ‘दोघं पलीकडे गेले.’ तिने लिहिलं: स्थलांतर, २. लाँच हवी का? ‘असू दे.’ तिने लिहिलं: विशेष आग्रह नाही.

इतकी एकवाक्यता तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती. होड्या वाढतायत, अपघात नाहीत, लाँचचा आग्रह नाही. सात नंबर दुसऱ्या गटात गेला. त्याची लाँच येत्या एक तारखेपासून तीन नंबरला हलवायची, अशी शिफारस तिनेच टाइप केली.

गुरुवारी शेवटची जाहीर सुनावणी होती. सोमवारी तिने नेहमीच्या सवयीने ताळा करून पाहिला आणि तिथे माशी शिंकली. परवाना नोंदवहीत सात नंबरला गेल्या वर्षी अकरा होड्या होत्या. यंदाही अकराच. चार वाढल्या तर पंधरा हव्यात.

“म्हणजे चार बिनपरवाना फिरतायत,” साहेब म्हणाले. “निरीक्षकांना घेऊन जा आणि शोधून काढा. सुनावणीत कुणी उकरून काढलं तर आपली शोभा होईल.”

म्हणून मंगळवारी सकाळी दशांश आणि निरीक्षक चार होड्या शोधायला निघाले.

निरीक्षक देहाने भारदस्त आणि पाण्याला भिऊन असत. “पोहायला येत नाही, आणि होड्यांचे निरीक्षक?” असं तिने एकदा विचारलं होतं. “येत नाही म्हणूनच नीट निरीक्षण करतो,” ते म्हणाले होते. “पोहणारे बेफिकीर असतात.”

धक्का साधाच होता. दगडी पायऱ्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या खालच्या तीन. लोखंडी खुंटे, त्यांना बांधलेल्या होड्या, आणि एका बाजूला टायर लटकवलेली नारिंगी लाँच. निरीक्षकांनी होड्या मोजल्या. सहा खुंट्याला, पाच पाण्यात. अकरा. दशांशने पुन्हा मोजल्या. अकरा.

धक्क्याचा कारभार एका बाईकडे होता. पन्नाशीची, मनगटं पुरुषासारखी, पदर कमरेला खोचलेला. सगळे तिला आक्का म्हणत. ती पायरीवर बसून वल्ह्याच्या मुठीला दोर गुंडाळत होती.

“आक्का, होड्या किती तुमच्या?” निरीक्षकांनी दरडावणीचा सूर लावून विचारलं.

“मोजल्यात की तुम्ही. दोनदा.”

“आणि त्या वाढलेल्या चार?”

आक्काचा हात थांबला. तिने निरीक्षकांकडे पाहिलं, मग दशांशकडे, आणि हनुवटीने नदीकडे खूण केली. “तिथं.”

निरीक्षकांनी कपाळावर आडवा हात धरून पाहिलं. मधल्या पात्रात काहीच नव्हतं. पाणी भरून, गढूळ, सावकाश चाललेलं. “तिथं कुठं? मला काही दिसत नाही.”

“दिसतील कशा?” आक्का म्हणाली. “वाढल्यात ना.”

“बाई, चेष्टा करू नका. सरकारी काम आहे. होडी वाढली म्हणजे दिसायला नको?”

आक्का पुन्हा दोर गुंडाळू लागली. मागच्या होडीतला एक जण तोंड फिरवून दोर सोडू लागला. त्या गप्प होण्यात एक प्रकारचा संकोच होता. पाहुण्याने घरात भलतंच बोलावं आणि घरच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करावं, तसा.

दशांशला त्या क्षणी आठवलं ते स्वयंपाकघरातलं बेसिन. भांडी घासताना तिच्या आईची काचेची बांगडी पिचली होती, आणि लहानग्या दशांशने ‘आई, फुटली!’ म्हणून ओरडताच आईने ओला हात तिच्या तोंडावर ठेवला होता. ‘फुटली म्हणायचं नाही. वाढली म्हण.’ घरात दिवा कधी विझवला जात नसे, वाढवला जाई. नारळही वाढवलाच जाई. हे सगळं तिला माहीत होतं. जिभेवर होतं. फक्त तक्त्याच्या रकान्यात ते तिला दिसलं नव्हतं.

“निरीक्षकसाहेब,” ती हळूच म्हणाली, “शोधू नका. त्या बुडा—”

“अंहं!” आक्काने वल्हं पायरीवर आपटलं. “इथं नाही.”

दशांशने शब्द गिळला. निरीक्षक एक पायरी वर सरकले.

मग पायऱ्यांच्या वर, चहाच्या टपरीमागे, पाण्याकडे पाठ करून आक्काने सांगितलं. तिथेही तिने तो शब्द वापरला नाही. बांधावरच्या दरवाजांतून आगाऊ कळवल्याशिवाय पाणी सुटतं, मधल्या खडकापाशी भोवरा धरतो, आणि भरलेली होडी आडवी होते. वर्षात चार वेळा. गेलेल्या होडीच्या जागी दर वेळी त्याच परवान्यावर दुसरी आणली, म्हणून आकडा अकराच.

“माणसं?” दशांशने विचारलं.

“तीन वेळा लाँच होती. लाँचवाल्यानं सगळी वर काढली. एका वेळी सोळा, एका वेळी अकरा, एका वेळी चौदा. चौथ्या वेळी लाँच इंधन भरायला गेली होती.” आक्काने पदराचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. “त्या वेळी दोघं पलीकडे गेले. एक आमच्या वस्तीतला, आणि एक माझा धाकटा दीर.”

दशांशला वाटून गेलं की हा प्रयोग किती स्वच्छ आहे. तोच भोवरा, त्याच होड्या. बदलली ती एकच गोष्ट, लाँच. पाठोपाठ असं वाटल्याची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून निष्कर्ष बदलत नव्हता.

“मग लाँच हवी का विचारल्यावर ‘असू दे’ का म्हणालात?”

“मग काय म्हणायचं? हवी हवी म्हणून हात पसरायचा?” आक्का म्हणाली. “असलेलं असू दे. याहून मोठ्यानं कसं मागतात मला माहीत नाही बाई.”

“ती एक तारखेला जाणार आहे.”

“कुणी ठरवलं?”

दशांश म्हणाली, “मी.”

आक्काने तिला नीट पाहून घेतलं. रागाने नव्हे, दोर विकत घेताना पीळ पाहावा, तसं. “मग तूच उलट ठरव,” ती म्हणाली.

ते इतकं सोपं नव्हतं. बुधवारी सकाळी दशांशने साहेबांना चूक सांगितली. स्वतःची, तक्त्यातल्या चारही ओळींसकट. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला की ते चष्मा पुसत.

“लाँचची नोंदवही?”

“आणली. तिच्यात इंधन, वेळ आणि फेऱ्या असे तीनच रकाने आहेत. फेरी कशासाठी, हा रकानाच नाही. पण चौथ्या होडीच्या दिवशी लाँच इंधनाला गेल्याची वेळ जुळते.”

“पोलीस?”

“दोन मृत्यू आहेत. नातेवाइकांनी ‘पाण्यानं नेलं’ असं सांगितलं, म्हणून ‘पाण्यात पडून’ असं लिहिलंय. होडीचा उल्लेख नाही.”

“म्हणजे पाय घसरूनही असेल.” साहेबांनी चष्मा चढवला. “हे बघा, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण उद्या तीन नंबरवाले विचारतील, आमची ठरलेली लाँच कुठे गेली? लेखी उत्तर बदलायचं तर ज्याचं उत्तर त्याने सुनावणीत येऊन, स्पष्ट शब्दांत, नोंदीवर सांगायला हवं. नियम तुम्हीच लिहिलाय.”

तो तिनेच लिहिला होता. ‘स्पष्ट शब्दांत’ या शब्दांवर ती तेव्हा खूश झाली होती.

दुपारी ती पुन्हा धक्क्यावर गेली आणि आक्काला टपरीमागे घेऊन तिने सगळं समजावलं. “तो एकच शब्द बोलायचाय. सभागृह इथून नऊ किलोमीटर आहे. पाण्याला ऐकू जायचं नाही.”

“आणि मी? नऊ किलोमीटरवरनं फिरून इथंच येणार ना?” आक्का म्हणाली. “त्या दिवशी सकाळी माझा दीर वल्हं उचलताना बोलून गेला. पाणी चढलंय वहिनी, आज बहुतेक... आणि तो शब्द. हसत बोलला.” तिने पदर पुन्हा खोचला. “तुझं विज्ञान काय म्हणतं ते मला माहीत आहे. मलाही कळतं की शब्दानं भोवरा होत नाही. तरी मी बोलणार नाही. येईन मात्र.”

गुरुवारी सभागृह तीन चतुर्थांश भरलं होतं. दशांशच्या मोजणीप्रमाणे एकाहत्तर टक्के. साहेब अध्यक्षस्थानी, बाजूला लघुलेखिकाबाई. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या, पेन्सिलीला टोक करता करता कान टवकारून बसणाऱ्या. दोन दुभाषी भाषांतर करत होते. विणकर बायकांनी पडद्याआडून निवेदन वाचलं आणि त्यांच्या मुखत्यार बाईने सही केली. वीटभट्टीवाल्यांनी चित्रावर बोट ठेवून सांगितलं. सगळं आखल्यासारखं चाललं होतं.

सात नंबरची पाळी आली. आक्का माइकपाशी उभी राहिली. माइक खूप उंच होता; तिने तो एका हाताने वाकवला.

“तुमच्या धक्क्यावर गेल्या वर्षी अपघात झाला का?” साहेबांनी विचारलं.

“चार होड्या वाढल्या, साहेब.”

“ते आम्ही वाचलंय. मी विचारतोय, होड्या बुडाल्या का?”

सात नंबरची दहा-बारा माणसं मागच्या बाकांवर बसली होती. शब्द कानावर पडताच सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या.

“वाढल्या,” आक्का म्हणाली.

“हो की नाही एवढंच सांगा.”

“वाढल्या, साहेब. चार. आणि दोघं पलीकडे गेले.”

तीन नंबरच्या बाकांवर खसखस पिकली. साहेबांच्या टेबलावरचा फोन थरथरला; वरचं कार्यालय. ते उठले. “तुम्ही बसा, मी आलोच,” असं म्हणून बाजूच्या दाराने बाहेर गेले. आक्का माइकपाशी तशीच उभी राहिली. दहा मिनिटांनी साहेब परतले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “बाई, स्पष्ट बोलणार नसाल तर पूर्वीचंच उत्तर कायम समजावं लागेल. नोंद करा.”

“नोंदीबद्दलच एक विनंती आहे,” दशांश उठून म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. “मागच्या दहा मिनिटांची नोंद वाचून दाखवता येईल का?”

“मागच्या दहा मिनिटांत काय झालंय? मी बाहेर होतो.”

“तेवढीच ओळ.”

लघुलेखिकाबाईंनी साहेबांकडे पाहिलं. नियमाप्रमाणे कोणीही नोंद वाचून मागू शकत होतं; हाही नियम दशांशचाच. बाईंनी पान उलटलं. “‘अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अध्यक्ष सभागृहाबाहेर गेले.’”

“साहेब जाताना काय म्हणाले?” दशांशने विचारलं.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. “‘मी आलोच.’”

“साहेब ‘आलोच’ म्हणाले आणि नोंदीत ‘गेले’ लिहिलं. बाईंनी कोणाला अर्थ विचारला नाही. साहेबांनी स्पष्ट शब्दांत ‘मी जातो’ म्हणावं अशी हरकत इथे कोणी घेतली नाही. कारण आपल्यात कोणी ‘जातो’ म्हणत नाही.” तिने हातातला तक्ता उंच धरला. “सात नंबरची उत्तरं मी चुकीची वाचली. दुसऱ्या भाषा बोलणाऱ्यांसाठी आम्ही दुभाषी दिले. ही माणसं आपलीच भाषा बोलतात, म्हणून यांना कोणीच दिला नाही. वाढल्या म्हणजे काय, हे मला माझ्या आईने सांगितलं होतं. ते नोंदीवर मी सांगते. चूक माझी, म्हणून तो शब्दही माझा असू द्या. त्यांच्याकडून तो मागू नका.”

आणि तिने तो शब्द लेखी दिला. मोठ्याने उच्चारला नाही. दुभाष्याच्या जबाबाचा छापील कागद होता, त्यावर चार ओळी लिहिल्या, खाली लाँचच्या नोंदवहीतली तारीख आणि वेळ टाकली, सही केली.

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला. पुसू लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

“बाई,” ते शेवटी आक्काला म्हणाले, “यात लिहिलंय ते तुम्हाला मान्य आहे का? वाचू नका मोठ्यानं. नुसतं हो किंवा नाही.”

आक्काला वाचता येत होतं. तिने कागद हातभर दूर धरून वाचला. “हो,” ती म्हणाली, आणि कागद पालथा ठेवला.

तीन नंबरवाल्यांनी कुरकुर केली. त्यांना दोन नंबरबरोबर अर्धी लाँच मिळाली आणि अर्धी लाँच म्हणजे नक्की काय, यावर पुढे सहा महिने पत्रव्यवहार चालला. दशांशला बाराही धक्क्यांची उत्तरं पुन्हा तपासायचा लेखी आदेश मिळाला, आणि सेवापुस्तकात एक ताकीद. नऊ नंबरला एक्केचाळीस जणांनी ‘बघू’ म्हटलं होतं आणि तिने त्यांना ‘अनिर्णित’ धरलं होतं. ते पान तिने सगळ्यात आधी उघडलं.

सात नंबरचा आदेश शनिवारी टाइप होऊन आला. तो धक्क्यावर लावायचा होता, म्हणजे पाण्याच्या काठी, खुंट्याशेजारच्या फळीवर. ‘गेल्या वर्षात चार होड्या बुडाल्यामुळे या धक्क्यावरील लाँच कायम ठेवण्यात येत आहे.’ दशांशने तो सहीला नेला आणि तोंड उघडणार, तोच साहेबांनी पेन उचललं. एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि सही केली.

“लेखापरीक्षणवाल्यांना हे कोण समजावणार?” ती म्हणाली.

“समजवायचं कशाला? होड्या वाढल्या, म्हणून लाँच ठेवली. त्यांना ते तसंही पटेल.” मग कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले, “या आता.”

ती गेली.

फळीवर खिळे निरीक्षकांनी ठोकले, पायरीवर एकच पाय ठेवून. आक्का वल्हं घेऊन मागे उभी होती. तिने कागद वाचला. खोडलेल्या जागेवरून नजर न थांबवता पुढे नेली. नारिंगी लाँच टायरांवर हलत होती.

“झालं ना मनासारखं?” निरीक्षकांनी विचारलं. “राहू द्यायची ना लाँच?”

“असू दे,” आक्का म्हणाली आणि होडीत उतरली.

निरीक्षकांनी दशांशकडे पाहिलं. “हे आता काय धरायचं?”

“आग्रह,” दशांश म्हणाली. “लिहा. शंभर टक्के.”